साठ की आठ? कान गेल्याचे (आणि वाचवल्याचे) अनुभव

मंडईत गवारीचा भाव मावशींनी सांगितला ‘साठ’, मी ऐकलं ‘आठ’, आणि दहाची नोट पुढे केली. मावशी हसल्या, बायको नाही. तिने थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. ऑडिओमेट्रीचा (म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा) आलेख बरा चालत येतो आणि ४००० हर्ट्झजवळ विहिरीत पडल्यासारखा खाली जातो. ‘स’, ‘श’ यांची बारीक सळसळ त्याच पट्ट्यात.

नऊ वर्षं पुण्यात पथकात ताशा वाजवला. नदीकाठी सराव, मग अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता. दोन्ही बाजूंना इमारती, आवाज जाणार कुठे? घरी आलो की कानाला दडे आणि आत कुईऽऽ. दुसऱ्या दिवशी जायची, म्हणजे झालो बरा! नवव्या वर्षी गेलीच नाही. हे लिहितानाही आहे.

तुमचेही अनुभव लिहा. फक्त कानात तेल घाला म्हणू नका, ते करून झालंय.

इचलकरंजीची लेक
आमचे आबा चाळीस वर्षं साध्या यंत्रमागावर. धोट्याच्या प्रत्येक फेरीला ठोका, आणि शेडमध्ये असे चोवीस माग. कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण ती ८ तासांसाठी. आबांची पाळी बारा तासांची.

शेडमध्ये कुणी बोलत नाही, हातवारे करतात आणि एकमेकांचे ओठ बघतात. घरीही आबा तेच करत होते, हे आम्हाला २०२० मध्ये कळलं. सगळ्यांनी मास्क लावले आणि आबा एकदम गप्प झाले. आम्हाला वाटलं, रोगाला घाबरले. त्यांना काही ऐकूच येत नव्हतं.

ढोलवाली
दादा, पटतंय, पण कानात प्लग घातला की ताशाची उठावणी कळत नाही, ठेका चुकतो आणि सगळी रांग माझ्याकडे बघते. वर पोरं चिडवतात, ‘एवढंच असेल तर भजनी मंडळात जा’. (भजनी मंडळातली झांज कानाशी वाजली की कळेल त्यांना!)

ऑडिओलॉजिस्ट
ढोलवाली ताई, वादकांसाठी वेगळे प्लग मिळतात. ते सगळे सूर साधारण सारखेच कमी करतात, त्यामुळे ठेका हरवत नाही. साधा फोमचा प्लग बारीक सूर जास्त खातो.

८५ डेसिबलला ८ तास, ही सुरक्षिततेची ढोबळ रेषा धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, १०० ला पंधरा मिनिटं. आतल्या कानातल्या केसपेशी मेल्या की परत उगवत नाहीत. कुई थांबली म्हणून कान पूर्ववत झाला असं धरू नका.

कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी. फोमचा प्लग बोटांत बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. बरेच जण नुसता कानाच्या तोंडाशी अडकवतात आणि वर म्हणतात, फरक पडत नाही. आणि एकाएकी ऐकू येणं कमी झालं तर ‘आठवडाभर बघू’ नको. लगेच दाखवा, औषधांचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त.

वेंगुर्ल्याचा इंजिनवाला
जहाजावर इंजिन रूमच्या दारावरच कानझाकणीचं चित्र असतं. आत प्लग, वर इयरमफ. बावीस वर्षं झाली, कान शाबूत. घरी मात्र आईचा मिक्सर ऐकला की पडवीत पळतो.

सहा महिन्यांची आई
खिडकीखाली डीजे. काचा थरथरतात, बाळाची छाती धडधडते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. फोन केला, आवाज दहा मिनिटं उतरला. शेवटी बाळाला लहान मुलांचे इयरमफ लावून आतल्या खोलीत घेऊन बसले. तो झोपला, मी नाही.

इचलकरंजीची लेक
वरचं वाचून भावासाठी फोमचे प्लग आणले. तोही मागावरच. म्हणाला, ‘अगं, माग बिघडला की आवाजावरूनच कळतं, कान बुजवून कसं चालंल?’ पाकीट आठवडाभर खुंटीवरच्या शर्टात तसंच. काल पाहिलं तर एक प्लग कमी होता. एकच.