सरळ रेषेतलं कसब

या चर्चेत कुणीतरी विचारलंय, ड्रॅग रेसिंगमध्ये सरळ पट्टीवर पाव मैल गाडी दामटायची, त्यात चालकाचं कसब ते काय? अमेरिकन ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सच्या काळातली 'रेल', म्हणजे लांबलचक सांगाड्याची शर्यतीची गाडी, पाहिली असती तर हा प्रश्न पडला नसता. इंजिन पुढे, चालक पार मागच्या चाकांच्याही मागे आणि क्लच-गिअरचा सगळा संसार त्याच्या पायांमध्ये. ८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या लायन्स या शर्यतीच्या पट्टीवर सुटतानाच गार्लिट्सचं ट्रान्समिशन फुटलं. गाडीचे दोन तुकडे झाले आणि उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला.

माणूस थांबला नाही. इंजिन चालकाच्या पाठीमागे नेण्याचे प्रयोग आधीही झाले होते, पण त्या गाड्या सरळ जायला तयार नसत. गार्लिट्सच्या गोटाने स्टिअरिंग मंद केलं, म्हणजे चक्र जास्त फिरवलं तरी चाकं थोडीच वळतील असं, आणि गाडी ताब्यात आली. १९७१ ला कॅलिफोर्नियातल्याच पोमोनाची विंटरनॅशनल्स ही मोठी शर्यत त्याच गाडीने जिंकली. बघता बघता सगळ्यांनी तीच रचना उचलली. किती जीव वाचले असतील!

ड्रॅग रेसर शर्ली मल्डाउनी यांचा उल्लेख इथे अजून कसा आला नाही? १९७७ ला टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान गटाचं विजेतेपद मिळवणारी पहिली बाई, पुढे १९८० आणि १९८२ लाही. ऐंशीच्या सुरुवातीला मी त्यांना पोमोनाला पाहिलं. नायट्रो इंधनाच्या वाफेने डोळ्यांतून पाणी, छातीत धडधड, आणि ती गुलाबी गाडी कधीच पार!