किर्खोल्म १६०५: भालाईत फुटतच नाहीत, नियम कुठे चुकतोय? (मदत हवी आहे)

मंडळी, मी आणि मेहुणा घरच्या घरी युद्धखेळाचे नियम बांधतोय. काळ साधारण १६०० ते १६५०; साधे सहा बाजूंचे फासे, १५ मिमीचे सैनिक आणि रविवारी दुपारी मोकळं झालेलं जेवणाचं टेबल.

पहिली लढाई घेतली रिगाजवळच्या किर्खोल्मची. स्वीडनचा नववा कार्ल सुमारे ११,००० माणसं घेऊन टेकाडावर, समोर पोलंड-लिथुएनियाचा खोदकेविच, जेमतेम ३,६००. प्रत्यक्षात धूळधाण उडाली ती स्वीडिशांची. आमच्याकडे तीन डाव झाले आणि तिन्ही वेळा पंखवाले हुसारच (पोलंडचे भालेवाले घोडेस्वार) झोपले.

कारण उघड आहे. भालाईतांवर (लांब भाल्यांच्या पायदळावर) समोरून घोडी आली की पायदळाला फाशावर +३, आणि घोडदळाचा धडकेचा फायदा रद्द. मेहुणा म्हणतो, हुसारांना +२ दे, विषय संपला. मला ते पटत नाही. असं केलं तर उद्या ते कुठल्याही घट्ट ठोकळ्यातून लोण्यात सुरी जावी तसे जातील.

खोदकेविचने आधी माघारीचं सोंग केलं आणि स्वीडिश टेकाड उतरले. मग त्यांच्या बगलेचं घोडदळ उधळलं आणि पळताना आपल्याच पायदळात घुसलं. म्हणजे भिंत आधी विस्कटली, मग फुटली. म्हणून +३ फक्त रांग बांधीव असताना द्यावा, असं माझं मत. पण रांग विस्कटली हे ठरवायचं कशावरून? उतारावरून चालल्यावर, की आपलेच पळपुटे अंगावर आल्यावर?

दुसरी अडचण खुंट्यांची. 'स्वीडिश पीस' (पक्ष्याचं पीस या अर्थी) हे नाव गोंडस, पण वस्तू म्हणजे लोखंडी टोकाचा खुंटा, जमिनीत तिरका रोवायचा. तो रोवायला किती वेळ धरावा?

प्रतिसाद: पळपुटे अंगावर आले तर फासा टाकायचा नाही, रांग थेट विस्कटलेली धरा. उतारावर मात्र टाका. खुंट्यांना एक पूर्ण खेळी द्या, त्यात गोळीबार बंद. आणि रोवले की जागचं हलणं नाही, नाहीतर सगळेच खुंटे घेऊन हिंडतील. हुसारांना +२ द्याच, पण एकदाच. त्यांचा लांब पोकळ भाला पहिल्या धडकेतच मोडायचा.

धागाकर्ता: एकदाच हे आवडलं. पण मग क्लुशिनोच्या लढाईचं (१६१०, पोलंड विरुद्ध रशिया-स्वीडन) काय? तिथे कुंपणातल्या फटींतून हुसार पुन्हा पुन्हा चालून गेले.

प्रतिसाद: तिथे कुंपण हाच खरा बचाव धरा. फटीतून एका वेळी एकच तुकडी, तीही धडकेच्या फायद्याशिवाय. पोलिश सेनापती झोल्कियेव्स्कीच्या मागून आलेल्या दोन छोट्या तोफा आणि मूठभर पायदळ पोचेपर्यंत कुंपण जागेवर ठेवा.

धागाकर्ता: काल चौथा डाव झाला. कार्लचं घोडदळ पळालं, मधला ठोकळा विस्कटला आणि दोन खेळ्यांत आटोपलं. मात्र मेहुणा स्वीडिश घेऊन बसला की आता टेकाडावरून उतरतच नाही. त्याला खाली आणायला काय करावं?