मानवाधिकार परिषदेवर निवडून यायला देश नेमकी काय तयारी करतो?

स्नेहा_हर्णै
नमस्कार मंडळी, एमपीएससीचा अभ्यास करतेय. भारत ऑक्टोबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेवर सातव्यांदा निवडून आला, २०२६ ते २०२८ साठी, एवढं आमच्या अभ्यासिकेत सगळ्यांना पाठ आहे पण त्याआधी देश काय काय करतो, कोणाकडे मतं मागतो, काय लिहून देतो ते गाईडमध्ये धड कुठेच नाही. आणि आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसांचा याच्याशी काही संबंध येतो का? प्लीज कोणीतरी नीट सांगा.

मास्तर_रत्नागिरी
बाळ, आधी जागा बघ. एकूण ४७, त्या प्रदेशांच्या गटांत वाटलेल्या, आपल्या आशिया-पॅसिफिक गटाला १३. टर्म ३ वर्षांची, लागोपाठ दोन झाल्या की बाहेर बसावं लागतं, म्हणून भारत २०२५ ला परिषदेवर नव्हता. परिषद जिनिव्हाला बसते पण मतदान होतं न्यूयॉर्कला आमसभेत, गुप्त, आणि १९३ पैकी किमान ९७ मतं लागतात.

तयारी खूप आधीपासून चालते. उमेदवारी जाहीर करायची, मग आपले राजदूत एकेका देशाच्या माणसाला भेटून शब्द घेतात, तुम्ही आम्हाला इथे मत द्या आम्ही तुम्हाला दुसऱ्या निवडणुकीत देतो असंही ठरतं. त्यासोबत वचननामा देतात, म्हणजे मानवाधिकारांसाठी आम्ही काय करू ते लेखी. परिषद २००६ च्या ज्या ठरावाने झाली त्यातच लिहिलंय की मत देताना उमेदवाराची मानवाधिकारातली कामगिरी आणि ही वचनं बघावीत.

पण मला मनापासून खटकतं ते वेगळंच. बऱ्याचदा गट आपसात ठरवून जागा तेवढेच उमेदवार देतो, ग्रामपंचायत बिनविरोध करतात तसं. २०२५ ला १४ जागा आणि उमेदवारही १४. मग वचननामा वाचतंय कोण? चुरस असली की फरक पडतो. २०२४ ला आपल्या गटात ५ जागांना ६ उमेदवार होते, सौदी अरेबियाला ११७ मतं मिळूनही तो पडला आणि १२४ मतं घेऊन मार्शल बेटं आली, पन्नास हजारसुद्धा वस्ती नसलेला देश, जिथे अमेरिकेने १९४६ ते १९५८ मध्ये ६७ अणुचाचण्या केल्या. अशा देशाला तिथे बोलायला जागा मिळाली याचं मला फार बरं वाटलं.

रापणकर_मालवण
मास्तर मस्त सांगितलंत. स्नेहाताई, संबंध आहे. शेतकरी आणि गावाकडे राबणाऱ्या लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा याच परिषदेत तयार झाला, डिसेंबर २०१८ ला आमसभेने मंजूर केला, भारताने बाजूने मत दिलं. त्यात छोटे मच्छीमारसुद्धा येतात, म्हणजे आमचे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले, छोट्या होडीवाले सगळे. एलईडी दिव्यांनी मासे ओढून रात्रीची मासेमारी करणाऱ्यांमुळे आमच्या वाट्याला काय उरतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. मग पुढच्या वेळी देश उमेदवारी करेल तेव्हा वचननाम्यात आमचं नाव का नसावं?

देवगडचा_अवी
दादा भावना पटतात, पण कागदाने काय होतं? छळविरोधी करारावर भारताने १९९७ ला सही केली, अजून मान्यता दिलेली नाही. आणि स्वच्छ पर्यावरणाच्या हक्काचा ठराव २०२१ ला परिषदेत आला तेव्हा भारत तटस्थ राहिला.

मास्तर_रत्नागिरी
अवी, दोन्ही खरं आहे. पण २०२२ ला तोच हक्क आमसभेत आला तेव्हा भारताने बाजूने मत दिलं, म्हणजे भूमिका बदलते, ती बदलायला मागणारे लागतात. बिनविरोध निवडणुकीत ती संधी कमी, म्हणून मी दुसरी वाट सांगतो. दर साडेचार वर्षांनी प्रत्येक देशाच्या मानवाधिकारांच्या कामगिरीचा या परिषदेत आढावा होतो, परिषदेवर असो नसो, भारताचा गेला नोव्हेंबर २०२२ ला झाला. त्यासाठी संघटना आपलं म्हणणं लेखी पाठवू शकतात, दिल्लीत ओळख लागत नाही.

रापणकर_मालवण
हे आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं मास्तर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घेतो, मराठीत आम्ही लिहू, इंग्रजी तुम्ही बघाल का?

मास्तर_रत्नागिरी
पाठवा. पण नुसती तक्रार नको, कुठल्या बंदरात, कुठल्या हंगामात, काय नुकसान झालं ते तारखेनिशी लिहा.