मुंबईला ऋतू नाहीत म्हणे!

"मुंबईत ऋतू दोनच, उन्हाळा आणि जास्त उन्हाळा, फोटो कसले काढणार?" हे कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. अहो, आमच्या परळच्या चाळीच्या गॅलरीतून मी दर रविवारी सकाळी एकच फोटो काढतो, तोही मोबाइलवर. दोरीवरचे कपडे, मागे सोनमोहर. बस. एप्रिलमध्ये खालच्या स्कूटरच्या सीटवर पिवळा सडा, मेअखेरीस समोरच्या पत्र्यांवर निळी ताडपत्री, जूनमध्ये दोरी रिकामी (कपडे घरात, पंख्याखाली). कॅलेंडर लागतंच कशाला?

सावल्याही बघा. १५ मेच्या आसपास दुपारी साडेबारानंतर सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि खांबाची सावली गायब! जुलैअखेरीस पुन्हा तसंच, पण ढगांतून दिसेल तर शपथ.

पावसात शटर (फोटो घेताना ते किती वेळ उघडं राहतं ते) १/६० सेकंद ठेवलं तर सरींच्या रेघा येतात, १/१००० ला थेंब गोठतात. मला रेघाच आवडतात. एसी लोकलमधून उतरल्या उतरल्या मात्र कॅमेरा काढू नका, लेन्सवर वाफ धरते. आणि शिवडीला फ्लेमिंगो टिपायला जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ बघून निघा. पूर्ण ओहोटीला ते इतके लांब जातात की फोटोत नुसते गुलाबी ठिपके.