संस्थान खालसा होताना रयतेचे काय गेले?

एक मुद्दा मांडला जातो की १८५७ चा उठाव हा गादी गेलेल्या संस्थानिकांचा राग होता, रयतेला त्याचे सोयरसुतक नव्हते. मला हे पटत नाही. वारस म्हणून दत्तक नामंजूर करून गव्हर्नर जनरल डलहौसीने सातारा, नागपूर, झाशी ही संस्थाने खालसा केली, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात घेतली, तेव्हा गादीबरोबर दरबारही मोडला. शिबंदी (पगारी शिपाई), कारकून, पागेतले (घोड्यांच्या तबेल्यातले) लोक, दरबाराच्या मागणीवर जगणारे कारागीर यांच्या पोटावर पाय आला. अवधमध्ये तर दत्तकाचा प्रश्नच नव्हता. १८५६ मध्ये गैरकारभाराचे कारण देऊन नवाब वाजिद अली शाहला हटवले, त्याची फौज मोडली, तालुकदारांची (तिथल्या मोठ्या जमीनदारांची) कितीतरी गावे काढून घेतली. कंपनीच्या बंगाल फौजेतले असंख्य शिपाई याच मुलखातल्या शेतकरी घरांतले. गावाकडचा असंतोष छावणीत पोचायला वेळ लागणार नव्हता.

आपल्याकडचा १८४४ चा गडकऱ्यांचा, म्हणजे किल्ल्यांच्या राखणदारांचा, उठाव या चर्चेत कोणी आणत नाही, याचे मनापासून वाईट वाटते. कोल्हापूर खालसा झाले नव्हते, छत्रपती गादीवर होते. पण कारभार इंग्रजांच्या तंत्राने चालू लागला आणि गडांच्या राखणीबद्दल पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांकडे (सरकारी महसूल अधिकाऱ्यांकडे) सोपवायचे ठरले. सामानगड, भुदरगड हे किल्ले पेटले. हे लढणारे काही राजे नव्हते!

नरगुंद संस्थानच्या भास्कररावांनी १८५८ मध्ये शस्त्र उचलले त्यामागे मात्र नाकारलेला दत्तक होताच. उलट ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूने राहिले, तरी त्यांचीच फौज तात्या टोप्यांना जाऊन मिळाली.