'माया लावली' हे हिंदीत कसं न्यायचं?

निळीशाई
सातारा जिल्ह्यातल्या वयस्कर बायकांच्या मुलाखती आम्ही चित्रित केल्यात. हिंदी उपशीर्षकांचं काम माझ्याकडे आहे. एका आजींनी सवतीचं पोर वाढवलं. त्या म्हणतात, "पिरेम-बिरेम आमास्नी ठावं न्हाई. माया लावली, प्वार माजं झालं." कच्च्या मसुद्यात 'माया लगाई' असं ठेवून पाहिलं, तर तपासणाऱ्या इंदूरच्या मुलानं विचारलं, "दादीजी ने पैसा लगाया था क्या?" त्याच्या बाजूनं बरोबरच आहे म्हणा. हिंदीत माया म्हणजे एकतर भ्रम, नाहीतर पैसा. 'ममता' घालावं तर ते नुसतं आईपुरतं होतं, आणि या आजी त्याच दमात म्हशीलाही माया लावतात. 'प्यार दिया' म्हणावं, तर जे त्यांनी स्वतःच्या तोंडानं नाकारलं तेच त्यांच्या तोंडी घातल्यासारखं. ओळीत चाळीसेक अक्षरं मावतात. सुचवा.

जुनापुराणा
'अपना लिया' घ्या, सुटेल. पण त्या आजींचं "पिरेम ठावं न्हाई" अक्षरशः घेऊ नका. त्या पिढीत प्रेम म्हणजे भानगड. "पाटलाच्या पोरीनं प्रेम केलं" याचा अर्थ गावात एकच होता. ज्ञानेश्वरीत प्रेम आहे, पण ते भक्ताचं. नवरा-बायको, बाप-लेक, मित्र-मित्र सगळ्यांना सरसकट 'प्रेम' चिकटवायची सवय नाटक-कादंबरीनं लावली असा माझा कयास. आता तर वाढदिवसाच्या केकवरही प्रेम असतं.

वऱ्हाडी_ठेचा
'अपना लिया' म्हंजे दत्तक घेतलं वाटते भाऊ. आमच्या अकोल्याकडं 'जीव लावणे' म्हणतात. माही आजी लय जीव लावे. तिनं कधी जवळ घेतलं नाही, की गोड बोलली नाही, पण शाळेतून यायला उशीर झाला तर वेशीपर्यंत येऊन उभी राहे. आन माया शब्द 'माय'वरूनच आला, त्यात कोश काय पाहायचा? माय करते ते माया.

सीमेपलीकडे (बेळगाव)
दादा, ऐकायला छान आहे, पण तसं नाही. माया संस्कृतातून आहे तशी आली, माय आली 'माता'पासून. आमच्या शेजारी नेपाळी कुटुंब राहतं. त्यांच्यात "म तिमीलाई माया गर्छु" हे सरळ प्रियकर-प्रेयसीचं वाक्य आहे, आणि आईला ते म्हणतात 'आमा'. बंगालीतही एखाद्याचं वाईट वाटलं, जीव कळवळला की 'माया लागे' म्हणतात. म्हणजे भ्रमापासून जिव्हाळ्यापर्यंतचा प्रवास या शब्दानं बऱ्याच ठिकाणी केलाय, ती काही मराठी मायची कमाई नाही.

वऱ्हाडी_ठेचा
बंगालीत आईला 'मा'च म्हणतात ना? मग माह्यंच खरं झालं.

सीमेपलीकडे
😀 नाही झालं.

मांडवी
गोंयांत हा प्रश्नच पडायचा नाही. मोग. देवाचो मोग, भुरग्यांचो मोग, घोवाचो मोग, सगळ्याला तोच. "हांव तुजो मोग करतां." यात 'तुजो' आहे बघा, 'तुजेर' नाही. मराठीत मात्र प्रेम कुणा'वर' तरी करावं लागतं, राग काढतात तसं, आणि लळा कुणा'चा' तरी लागतो. मला हे नेहमी गमतीचं वाटतं.

जुनापुराणा
हे 'वर' तरी शिल्लक आहे का? हल्लीची मुलं "मी तुला प्रेम करतो" म्हणतात. इंग्रजीचं कर्म उचलून मराठीत आदळलेलं. मालिकांमध्ये रोज ऐकतो. 'वर' गेला, उद्या 'जीव लावणे'सुद्धा जाईल.

दुपारची_गाडी
काका, आम्ही "मी तुला प्रेम करतो" पण म्हणत नाही, "लव्ह यू" म्हणून फोन ठेवतो. आईलाही म्हणतो, मित्रालाही म्हणतो. तुमच्या पिढीनं शुद्ध 'वर' सांभाळला, पण तो उच्चारला किती जणांपाशी? माझ्या आजोबांनी आजीला एकदाही काही म्हटलेलं नाही. व्याकरण बिनचूक होतं.

जुनापुराणा
उच्चारायची गरज नव्हती. पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहायचे, त्यात सगळं यायचं. संस्कृतातला हावरटपणा आपण पत्रात बसवून सभ्य केला. 'लोभस' हा शब्दही तिथलाच. माझे वडील मला वसतिगृहावर पत्र पाठवायचे, शेवटी न चुकता 'लोभ असावा'.

सीमेपलीकडे
मुलाला? धाकट्यांना 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहायची रीत. लोभ मागायचा तो थोरांकडे किंवा बरोबरीच्यांकडे.

जुनापुराणा
रीत मलाही ठाऊक आहे. ते तसं लिहायचे.

अंगणवाडी
निळीशाई ताई, तुमच्या वाक्यात 'माया'पेक्षा 'लावली' जड आहे असं मला वाटतं. प्रेम 'असतं', 'होतं', 'बसतं'. आपण काही केलं नाही तरी ते होऊन बसतं. माया मात्र लावायची असते. तुम्ही हिंदीत माया शोधताय, पण त्या आजी क्रियापद सांगतायत. आधी मनात काही नव्हतं, करत गेले, मग झालं.

माझ्या सासूबाईंना शेवटची काही वर्षं विस्मरण होतं. लग्न झाल्यापासून आमचं कधी पटलं नव्हतं. मी जे केलं ते कर्तव्य म्हणून: अंघोळ, औषधं, रात्री उठून पाहणं. लोक म्हणायचे, किती सेवा करतेस. मला तो शब्द नको वाटायचा, कारण आतून चिडचिडच असायची. पुढे त्यांना माझं नाव आठवेना, पण मी खोलीबाहेर गेले की हाका मारायच्या, "ती कुठाय?" याला लळा म्हणतात. त्यांना माझा लागला. मला त्यांचा कधी लागला ते सांगता येणार नाही. प्रेम होतं का, असं कुणी विचारलं तर मीही त्या आजींसारखंच 'ठाऊक नाही' म्हणेन.

दुपारची_गाडी
ताई, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण 'माया लावायची असते' हे वाक्य बाईलाच ऐकवतात ना? सवतीचं पोर, दिराची पोरं, सासू, म्हैस, सगळ्यांना माया लावणार ती. तुमचे यजमान रात्री उठायचे का? पुरुषानं माया लावली असं एक तरी वाक्य कुणी ऐकलंय?

अंगणवाडी
उठायचे. कधीकधी.

वऱ्हाडी_ठेचा
विठोबाला माउली म्हणतात, ज्ञानोबाले माउली म्हणतात. दोघंही गडीमाणसंच.

दुपारची_गाडी
तेच तर. पुरुष मायाळू निघाला की त्याला आई करून टाकायचं. बापाला बाप ठेवून माया करता येत नाही का?

सीमेपलीकडे
तुकोबांची ओळ यात आणतो. "ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती." तिच्या आधी माउलीचं चित्त आहे हे खरं, पण 'कळवळा' या शब्दाला स्वतःचं लिंगभान नाही. आतडं कुणालाही असतं. निळीशाई, हिंदीत 'कलेजा'च्या आसपास काही मिळतं का पाहा. 'कलेजे से लगाया'?

निळीशाई
'कलेजे से लगाया' मध्ये मिठी दिसते, आणि आजी मिठीवाल्या नाहीत. अंगणवाडी ताईंचा मुद्दा पटला, क्रियापदच धरायला हवं. 'मन लगाया' लिहून पाहिलं, पण हिंदीत ते अभ्यासात लावतात. सोमवारी फाइल द्यायची आहे. अजून कुणी?

जुनापुराणा
जिव्हाळा हा शब्द राहिलाच. तो जिव्हेवरून आलेला आहे, म्हणजे जिभेवरचा गोडवा.

सीमेपलीकडे
काका, नाही हो! जीव. नखाखालच्या कोवळ्या मांसाला जिव्हाळी म्हणतात, नख खोलवर कापलं की 'जिव्हाळी लागली' म्हणतो. जिभेचा काय संबंध? गोड बोलणारे आणि जिव्हाळ्याचे हे बहुधा वेगवेगळेच लोक असतात.

कात्री_आणि_टेप
मी इथे फक्त वाचते, आज लिहिते. आमच्या धंद्यात माया रोजची. ब्लाऊज बेतताना बाजूच्या शिवणीत जे जास्तीचं कापड आत सोडतो ती माया. पुढे अंग भरलं की शिवण उसवायची आणि मायेतून मोठं करायचं. बायका सांगून जातात, "ताई, माया ठेवा हं." रेडीमेडमध्ये ठेवत नाहीत, त्यांना कापड वाचवायचं असतं.

मांडवी
कितें सांगतां! हा अर्थ मला माहीतच नव्हता.

वऱ्हाडी_ठेचा
पाहा, ही पण मायवरूनच. माय पोराच्या वाढत्या अंगाचं शिवे.

जुनापुराणा
ती माया निराळी. तिथे अर्थ 'राखीव जागा' एवढाच. दोन अर्थांची मोट बांधून कविता करू नका. मोल्सवर्थनं १८३१ साली कोश काढला तेव्हापासून लोक कोश न उघडता व्युत्पत्त्या सांगतायत.

दुपारची_गाडी
तुम्ही उघडला का? 'जिव्हा' कुठल्या पानावर होती?

जुनापुराणा
तरुण माणसा, लोभ असावा.

अंगणवाडी
कात्रीताई, नातीसाठी सुती पंजाबी ड्रेस शिवतेय. वय नऊ, भराभर वाढतेय. माया किती ठेवू?

कात्री_आणि_टेप
बाजूला दीड इंच, खालच्या दुमडीत दोन. खांद्याला अर्धा पुरे, जास्त ठेवलीत तर फुगवटा येतो. बेतायच्या आधी कापड रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर आटून माया संपते.

मांडवी
रात्रभर कित्याक? तासभर भिजवलं तरी चालतं. रंग जाणारं असेल तर रात्रभर मुळीच नको.