मदत हवी आहे: शेटलंडच्या घरातून अरोरा (ध्रुवीय प्रकाश) बघायला आई-बाबांना नेमकं कधी उठवायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंडमधल्या येल बेटावर राहतो. गाव म्हणावं असं काही नाही. चार घरं, बाकी पीटचा माळ आणि मेंढ्या. झाड औषधालाही नाही, त्यामुळे उत्तरेचं आभाळ थेट समुद्रापर्यंत मोकळं. यंदा दिवाळीला साताऱ्याहून आई-बाबा येताहेत. दिवाळी मुद्दामच निवडली. लक्ष्मीपूजनाला अमावस्या, म्हणजे चंद्राची कटकट नाही, आणि नोव्हेंबरात इथे चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. उन्हाळ्यात नीट अंधारच पडत नाही.

मे २०२४ च्या सौर वादळात लडाखमधल्या हानलेहून लाल आभाळाचे फोटो आले, तेव्हापासून बाबांनी ध्यास घेतलाय. "हानलेला दिसतं, तर तुमच्याकडे रोजच दिसत असेल!" रोज दिसत नाही हे फोनवर सांगून झालंय. पटलेलं नाही.

अडचण अशी की बाबा पंचाहत्तरीचे, त्यात दमा. त्यांना रात्री तासभर अंगणात उभं करणं शक्य नाही. इथला वारा असा, की गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं. स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे. तिथे अंधार करून खुर्च्या टाकायच्या, आम्ही नवरा-बायकोने आळीपाळीने जागायचं आणि वेळ आली की त्यांना उठवायचं, असा बेत आहे. पण वेळ आली हे ओळखायचं कसं? केपी (पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचा ० ते ९ मधला आकडा) ५ सांगितलेला असताना काहीच दिसलं नाही आणि केपी ३ ला हिरवी कमान दिसली, असं दोन्ही झालंय. लँकेस्टर विद्यापीठाचं अरोरावॉच फोनवर आहे, पण ते जमिनीवरच्या चुंबकीय मोजणीवर चालतं. सूचना येईतो कधीकधी सगळं आटोपलेलं असतं. दोनदा उगाच उठवलं तर तिसऱ्यांदा आई उठायची नाही.

शिवाय शेजारच्या गोठ्यावरचा दिवा रात्रभर चालू असतो. माणूस भला आहे. कसं सांगावं?

प्रतिसाद १
मी उत्तर नॉर्वेत ट्रॉम्सोजवळ राहते. केपी बाजूला ठेवा, तो तीन तासांचा आणि अख्ख्या पृथ्वीचा आकडा आहे. बीझेड बघा, म्हणजे सौरवाऱ्यातल्या (सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतातल्या) चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण आकडा. उणे म्हणजे दक्षिणेकडे, तेव्हाच अरोराला जोर चढतो. सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर उपग्रह आहेत, ते सौरवाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र मोजतात. बीझेड उणे १० च्या आसपास जाऊन अर्धा तास तिथेच टिकला आणि वेग सेकंदाला ५०० किमीच्या वर असला, तर तयारीला लागा. तो वारा पृथ्वीपर्यंत यायला पाऊणएक तास लागतो, तेवढ्यात चहा होतो. मग उत्तरेला खाली फिकट कमान दिसेल. तेव्हा उठवू नका. ती तासन्‌तास तशीच पडून राहू शकते. कमानीची खालची कड उजळली, तीत उभे पट्टे पडायला लागले, की लगेच हाका मारा. खरा जोर बऱ्याचदा दहा-वीस मिनिटांचाच असतो. मात्र दोनेक तासांनी पुन्हा उसळी येऊ शकते.

प्रतिसाद २
पहिले तीन-चार दिवस उठवायची गरजच नाही. भारत साडेपाच तास पुढे, दोघंही पहाटे तीनला टक्क जागे असतील!
बाबांना आधीच सांगून ठेवा, की डोळ्यांना बहुधा राखाडी-पांढुरकंच दिसेल, फोटोइतकं हिरवं नाही. ढग की अरोरा कळत नसेल तर फोन खिडकीला टेकवून नाइट मोडवर फोटो काढा, हिरवा आला तर अरोरा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून मायक्रोवेव्हच्या घड्याळावर फडकं टाका आणि फ्रिज उघडू नका.

प्रतिसाद ३
बीझेड वगैरे ठीक, पण शेटलंडचा नोव्हेंबर म्हणजे ढग. मी ॲबर्डीनला असतो, तिथून शेटलंडच्या लरविक बंदराच्या रात्रीच्या बोटीने आलो होतो, आठवडाभर एक चांदणी दिसली नाही. आधी उपग्रहाचं ढगांचं चित्र बघा, मगच सूर्याचं.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. बीझेडचा आलेख फोनवर लावला. शेजाऱ्याला चकल्यांचा डबा देऊन विचारलं. तो म्हणाला, "अरे, सांगायचंस की," आणि बटण कुठे आहे ते दाखवून ठेवलं, हवं तेव्हा बंद करा म्हणून.
आता नवीन पेच. आई साताऱ्याहून आकाशकंदील घेऊन येतेय. "लक्ष्मीपूजनाच्या रात्री घर अंधारात ठेवायचं म्हणजे काय?" असं फोनवर ऐकून घेतलंय. काय करू?

प्रतिसाद २
चारला सूर्यास्त म्हणजे प्रदोषकाळही लवकर सुरू होऊन लवकर संपतो. पूजा, फराळ, कंदील सगळं तेव्हाच उरका आणि नऊला दिवे बंद. समईचं मात्र तुम्ही आणि आई बघून घ्या, त्यात मी पडणार नाही.